फोटो साफ निघाला

नाथाजीनं वीस-बावीस वर्षं तिकडं तामिळनाडूत सेलमला गलाईचं दुकान चालवलं. म्हणजे सोनारांचं जुनं सोनं वितळवायचं, त्यातली खोट काढायची आणि शुद्ध सोनं त्यांच्या हातावर ठेवायचं. त्यानं साफ म्हटलं की कुणी पुन्हा तपासत नसे. असा माणूस शहाण्णव साली विट्याला परतला तो पडत-झडत. चालता चालता मागं उताणाच पडायचा. एस्टी स्टँडवर पडला, तर दारूच्या थेंबाला कधी न शिवलेल्या माणसाला लोकांनी दारुडा ठरवलं. लोकांच्या जिभेला हाड असतं थोडंच!

बायको शालूबाई त्याला मिरजेच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. चाल आखडलेली, हात जड, तोंडावरचं हसू पळालेलं. डॉक्टर म्हणाले, "हा कंपवात असेल, नाहीतर त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा आजार. कंपवात असला तर गोळ्या लागू पडतील. दुसरा असला तर अवघड आहे. पुण्याहून मेंदूचा एमआरआय काढून आणा."

मेंदूचा फोटो! शालूबाईनं देव पाण्यात घातले.

फोटो साफ निघाला. डॉक्टर बजावून सांगत होते, "सुरुवातीला दोन्ही आजारांत फोटो असाच दिसतो. परदेशात मेंदू साखर कुठं वापरतो ते दाखवणारं यंत्र आहे, त्यात कदाचित लवकर कळलं असतं. आपल्याकडं ती सोय नाही. गोळ्या देऊन बघू." पण ऐकतंय कोण? गलाईवाल्याच्या घरात साफ म्हणजे साफ, विषय मिटला. दीर नानासोनं आळीभर पेढे वाटले.

गोळ्यांनी काडीचा फरक पडेना. पण फोटो साफ होता ना! मग हा माणूस असं का करतोय? जेवताना समोरच्या भिंतीकडं बघत बसायचा आणि आमटी सगळी सदऱ्यावर. पायरी उतरताना पाय भलतीकडंच. शालूबाईचं डोकं फिरायचं.

"आवं, ताटात बघा की! मेंदूत काय बी न्हाई म्हणून फोटोत आलंय. सोंगं करताय व्हय?"

"बघतोय की," एवढंच नाथाजी म्हणायचा, आणि नजर भिंतीवरच. एकदा तर तिनं चिडून त्याची मान धरून ताटावर दाबली. तो भांडला नाही, रागावलाही नाही. तेच तिला जास्त झोंबलं.

पुढच्या वर्षी पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून बोट ठेवलं. "इथं मेंदूचा मधला भाग वाळलाय. आता दिसतंय. हा कंपवात नाही, दुसराच आजार. ह्यात डोळे खाली वळतच नाहीत."

शालूबाई खुर्चीतून पुढं सरकली. "म्हंजी ह्यास्नी ताट दिसतच नव्हतं?"

"नव्हतं."

"आन् हे आदीच कळलं असतं तर?"

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. "औषध तेव्हाही नव्हतं, मावशी. काही करता आलं नसतं."

"आलं असतं की," ती म्हणाली. "म्या त्यास्नी वरडले नसते. ताट उचलून डोळ्यांम्होरं धरलं असतं."

घरी आल्यावर तिनं भाताचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरलं. नाथाजीला ते दिसलं. त्यानं नीट घासही उचलला. पण एव्हाना आजार गळ्यापर्यंत पोचला होता, घास खाली उतरत नव्हता.