हर्सूलचे होले

हर्सूलचा तलाव तळाला गेला, त्या वर्षी आईनं गावाकडची मेंढरं विकली आणि ती आमच्याकडं राहायला आली. सगळा जन्म माळावर गेलेली बाई. आमच्या दोन खोल्यांत तिचा जीव रमेना. टँकर आला की घरातल्या भांड्यांआधी ती पाखरांसाठी गच्चीवर ठेवलेली मातीची परळ भरायची. आसपासच्या विहिरी आटलेल्या, मागचं बोरीबाभळीचं रान प्लॉटिंगवाल्यांनी सपाट केलेलं. त्यामुळं त्या भागातले होले, कबुतराच्या जातीची ती बारकी पाखरं, सगळे आमच्या परळीवर उतरायचे. आई जवळच सावलीत बसून त्यांचं घुमणं ऐकायची.

एका सकाळी एक होला पिसं फुगवून कठड्याशी बसला होता. जवळ गेलं तरी उडेना. चोचीतून लाळ गळत होती. आईनं भिजवलेली कणी त्याला भरवली. त्यानं मान झटकून ती बाहेर टाकली. दुपारी तो मेला. मग रोज एखाद-दुसरा मरून पडू लागला.

त्यातला एक पिशवीत घालून मी गुरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी चोच उघडून दाखवली. घशात पिवळट, दह्याच्या चोथ्यासारखा थर साचला होता.

"परजीवी जंतू आहे," ते म्हणाले. "घसा बंद होतो, पाखरू उपाशी मरतं. आजारी पाखराची लाळ पाण्यात पडते, तेच पाणी बाकीचे पितात. काही दिवस पाणी ठेवू नका."

घरी येऊन मी आईला सांगितलं.

"म्हंजी माझ्याच पाण्यानं मेले व्हय?"

"पाण्यानं नाय, आई. रोगानं."

"एवढ्या उन्हात तोंडचं पाणी काढून घ्यायचं? वैऱ्याला बी कुणी असं करत नाय."

पण परळ तिनंच राखेनं घासली आणि उन्हात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी होले आले, परळीभोवती फिरले, तिच्या बुडावर चोची मारत राहिले. आईला ते बघवेना. ती खाली आली आणि जिन्याचं दार लावून घेतलं. पुढं गच्चीवर मेलेलं पाखरू दिसलं नाही. ते वाचले, की दुसरीकडं जाऊन मेले, कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. आई पुन्हा परळ भरू लागली, रोज घासून. साळुंक्या आल्या, कावळे आले. होल्यांची एखादी जोडी कधीमधी दिसायची, तेवढीच. मागं तोवर फ्लॅटच्या इमारती उभ्या राहत होत्या. होले रोगानं संपले की बाभळी गेल्या म्हणून, यावर मी एकदा बोलायला लागलो, तर आई उठून गेली.

दिवाळी झाल्यावर ती गावी जाते म्हणाली. आम्ही अडवलं नाही.