वसुधाताईंचं चौथं प्रकरण

वसुधाताई गेल्या, हे सांगायला त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा मी आमच्याच अहवालावर भाषण देऊन नुकताच खाली उतरलो होतो. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या...

विद्यापीठाच्या विधी विभागात आम्ही दोघांनी सौरऊर्जा प्रकल्प आणि गावांच्या जमिनीचा कायदा यावर संशोधन केलं. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला, त्या पिढ्यान्‌पिढ्या इंदूरच्या. मी निकालपत्रं वाचायचो आणि त्या बसनं सांवेरकडच्या एका गावात जायच्या. सरकारी कागदांत जी जमीन 'पडीक' होती, जिथं सौर पॅनल लागणार होते, तिथं गेंदाबाई आणि गावातल्या इतर बायका वर्षानुवर्षं शेळ्या चारत होत्या. "पडीक म्हणे! अरे भिया, एकदा जाऊन बघ तर सही," ताई इंदुरी ढंगात म्हणायच्या. त्या बायकांच्या जबान्यांवर त्यांनी अहवालाचं चौथं प्रकरण लिहिलं.

ते मी काढून टाकलं. ताईंचे तेव्हा कॅन्सरचे उपचार चालू होते. अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञांनी तोंडी पुराव्यावर हरकत घेतली होती. भांडायला हवं होतं, पण मला अहवाल वेळेत हवा होता, पुढे बढतीही दिसत होती... मी ताईंना विचारलंसुद्धा नाही.

शेवटचं भेटलो ते अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घरी. त्यांना आता स्वतः काही वाचणं जमत नव्हतं. "माझं प्रकरण आलं ना रे?"

"आलं, ताई."

त्यांनी माझ्यासमोरच गेंदाबाईला फोन लावला. "छप गया, गेंदाबाई! तुम सबका नाम आया है।" मी खाली बघत चहा पीत राहिलो.

तेराव्याला गेंदाबाई आली. अंगणात मला गाठून म्हणाली, "सरजी, हमारा नाम कौन-से पन्ने पे है?" मी तिला खरं सांगितलं.  तिनं विचारलं, "बेनजी को मालूम था?"

"नहीं."

"वहाँ तो तार की बाड़ भी लग गई," एवढं बोलून ती बसस्टँडकडे निघाली.

परवा मी विभागातलं ताईंचं कपाट उघडलं. चौथं प्रकरण आता त्यांच्या एकटीच्या नावानं छापायला पाठवतोय. त्यासाठी मूळ जबान्या हव्या होत्या. प्रत्येकीच्या शेवटी ताईंच्या बारीक अक्षरात एक ओळ आहे : 'सांगणारीला वाचून दाखवलं.' गेंदाबाईच्या कागदावर एके ठिकाणी खाडाखोड आहे. ताईंनी तिच्या सात शेळ्या लिहिल्या होत्या. तिनं सहा सांगितल्यावर त्यांनी आकडा बदलला, आणि शेजारी सही केली.