चिमूटभर माती

बोलता बोलता आमचे गणिताचे मास्तर खाली वाकत, चिमूटभर माती उचलत आणि डोळे बारीक करून ती हळूच सोडत. ती कुठे पडते हे पाहिल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. "वारं आपलं ऐकत न्हाई," म्हणायचे, "आपुनच त्याचं ऐकावं."

नांदेडच्या शाळेत ते आणि मी दोघेही मास्तर, राहायचो एकाच खोलीत. निजामाचं राज्य, शिकवणं उर्दूत. गणिताचे मास्तर पाढे मात्र मनात मराठीत म्हणत आणि उत्तर उर्दूत देत. मुखेडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. खळ्यावर ज्वारी उपणताना, म्हणजे वाऱ्यावर भुसा उडवताना, वारा ओळखायला आईनं शिकवलं होतं. धोतर वाळत घालायचं तरी आधी माती सोडणार! आम्ही त्यांची थट्टा करून करून थकलो.

लढाई लागली आणि हे गृहस्थ इंग्रजांच्या बाँबफेकी विमानात दिशा सांगायच्या कामावर गेले. रजेवर आले तेव्हा मी विचारलं, "वर माती कुठून आणता?"

"वर कागद-पेन्सिल हाय," ते हसले. "वारं कुठं ढकलून राहिलंय ते मांडायचं. चुकलं की समदेच गेले."

आईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी फौजेत पत्ता शाळेचा दिला होता. त्यांच्या विमानाच्या कप्तानाचं पत्र माझ्याच हाती पडलं. ते घेऊन मला त्यांच्या गावी जावं लागलं.

खळ्यावर उपणणी चालली होती. मास्तरांची माय उंच तिपाईवर उभी राहून पाटीतली ज्वारी वाऱ्यावर सोडत होती; तिला मी खाली बोलावलं आणि पत्र मराठीत सांगितलं. ब्रह्मदेशावरून परतताना मास्तरांना गोळी लागली होती. तशातही ते हिशेब मांडत राहिले, वारा फिरेल तशी दिशा देत राहिले. विमान तळावर टेकलं तेव्हा पेन्सिल बोटांत होती आणि मास्तर गेले होते. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाची मी धोतरावरून थट्टा केली, एवढंच मनात येत राहिलं.

मायनं पदरानं तोंडावरचा भुसा पुसला. मग म्हणाली, "वाट बराबर सांगितली का त्यानं?"

"बरोबर सांगितली, माय. बाकीचे पाचही जण सुखरूप उतरले."

"मंग पाच जणींची लेकरं घरी गेली."

वारा चांगला सुटला होता, पण कुणी पाटी उचलेना. माय वाकली. तिनं चिमूटभर माती उचलली, पण सोडली नाही. मूठ तशीच मिटून ती घराकडे चालू लागली.