सवलतीच्या यादीतलं नाव

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या बोर्डावर फी-सवलतीची यादी लागली. मी ती तीनदा वाचली. माझं नाव नव्हतं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं होतं.

बाबा कारकून. त्या वर्षी पगाराची थकबाकी एकदम हातात आली आणि आमचं उत्पन्न सवलतीच्या मर्यादेच्या जरासं वर गेलं. पगारदाराला लपवायला जागाच नसते. मैत्रिणीच्या वडिलांची मात्र पनवेलजवळची जमीन विमानतळात गेली होती, मोबदल्यात प्लॉट मिळाला होता, दारात पांढरी गाडी उभी होती. पण कागदावर ते अजून शेतकरीच, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला असा की वाचून कुणालाही दया यावी. कायद्याने त्यात काही खोट असेल-नसेल, मला काय कळतंय! मला मात्र ते सहन होईना. ती रोज मला कळंबोलीच्या नाक्यावरून त्याच गाडीत घ्यायची आणि मी तिच्या एसीत बसून जळायचे.

महिनाअखेर फी भरली नाही तर प्रवेश जाणार होता. बँक शैक्षणिक कर्ज द्यायला तयार होती, पण मालमत्ता असलेला जामीनदार हवा होता. आमचं घरच गृहकर्जात अडकलेलं. पुण्याच्या काकांना विचारलं, तर त्यांनी त्या दिवसापासून फोन उचलणंच सोडलं. आई म्हणाली, "आपण ना धड गरीब, ना धड श्रीमंत."

मग मी एक काम केलं. प्राचार्यांच्या पेटीत मैत्रिणीविरुद्ध निनावी तक्रार टाकली. गाडी, प्लॉट, सगळं हाताने लिहिलं. इंग्रजीतून, म्हणजे भारदस्त वाटेल. माझं नाव तेवढं घातलं नाही.

आठवड्याने ती गाडीत म्हणाली, "कुणीतरी तक्रार केली गं. ऑफिसात बोलावलं होतं. पप्पा म्हनले, नाव खराब नको, आणि सवलत सोडून पूर्ण फी भरून आले."

मी "अरेरे" म्हणाले. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? माझ्या पदरात काहीच पडलं नव्हतं, पण तिचंही गेलं होतं.

मग तिने विचारलं, "तुझ्या लोनचं काय झालं?" मी जामीनदाराचं रडगाणं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आपटा गावाकडे उरलेल्या शेताचा सातबारा घेऊन बँकेत हजर. बाबांनी त्यांना हात जोडले. तिचे वडील म्हणाले, "असू द्या हो भाऊ. पोरीचं शिक्षण थांबायला नाय पायजे. आमी हाय ना."

बँकेच्या साहेबांनी मला एक अर्ज हाताने लिहायला सांगितला. मैत्रीण शेजारी उभी राहून बघत होती. पाचेक ओळी झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पहिल्या वर्षी तुझी सगळी जर्नल्स उतरवली मी. तुझं अक्षर झोपेतसुद्धा ओळखीन."

माझा पेन थांबला.

"ऑफिसात तो कागद माझ्या हातात दिला होता," ती म्हणाली.

मी विचारलं, "पप्पांना माहीत आहे?"

"नाय. त्यांना सांगितलं असतं तर ते आज इथं आले असते का? लिही, पूर्ण कर."

माफी मागायला हवी होती. पण खरं सांगते, त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला. जमिनीचा नाही, गाडीचाही नाही. मी तिच्या जागी असते तर वडिलांना पहिल्यांदा तेच सांगितलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काउंटरवरून तिच्या वडिलांनी मला हाक मारली, "बाळा, सही कुठं करायची गं?"

मी गेले आणि जागेवर बोट ठेवलं.