एका तासाचा दिवस

आमच्या खेळात चित्रे नव्हती. सगळा गाव अक्षरांचा. 'उत्तरेला जा' असे टाइप केले की पडद्यावर उमटायचे, 'तू बांधावर उभा आहेस.' चार-पाच वर्षांपूर्वी मी तो हौसेने लिहिला, धारगळच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालू ठेवला, आणि पेडणे-डिचोलीतले पंधरा-वीस जण आपापल्या घरून त्यात शेती करू लागले. तिथला दिवस आपल्या एका तासाचा. पेरलेले लवकर उगवलेले दिसावे, एवढाच हेतू.

त्या गावातल्या एका घराच्या सोप्यावर मी एक म्हातारा बसवला होता. तो आमच्या बाबांसारखी तीनच वाक्ये बोलायचा. "आयलो?" "जेवलो?" "बस मातसो," म्हणजे जरा बस. बाबांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "हांव इतलोच उलयता?" आपण एवढेच बोलतो का, याचे त्यांना हसू आले. ते घर मी बोटीवर नोकरी करणाऱ्या दादाच्या नावावर केले.

गेल्या वर्षी बाबा गेले. दादा भर समुद्रात होता, येऊ शकला नाही. त्यानंतर तो फोनवर बोलेनासाच झाला. "बरो आसां," एवढेच. मात्र रोज दुपारी चारला दहा मिनिटे खेळात यायचा आणि म्हाताऱ्याशेजारी बसायचा. तेवढ्यात तिथे चार तास सरायचे, म्हातारा उठून निजायला जायचा. एकदा दादाने लिहिले, "दोन मिन्टां बसूंक मेळना रे, काळोख जाता. थंयचो दिस आमच्यासारको कर. ना जाल्यार हांव येवचो ना." नाहीतर येणारच नाही, हे वाचून मी घाबरलो. खेळ सुटला तर दादाही हातचा जाईल, असे मला सारखे वाटत होते.

पुढच्याच रविवारी मी तिथले घड्याळ आपल्या घड्याळाला जोडले. गावाचे वर्ष होते एकशे अकरा. मी आजची तारीख घातली आणि गाव एका क्षणात दोन हजारांच्या पुढे गेला. खेळाडूंना वय नव्हते. वय फक्त म्हाताऱ्याला, तीही माझीच हौस. शंभरीला टेकला की मी त्याचे जन्मवर्ष हाताने पुढे ढकलायचो. त्या दिवशी ते राहून गेले आणि त्याचे वय एकदम एकोणीसशे वर्षांनी वाढले. पडद्यावर ओळ आली, 'म्हातारा वारला. घराला बारा दिवसांचे सुतक.'

सुतकाचा नियम डिचोलीच्या खेळाडूंनी हट्टाने घालायला लावलेला. शेत बंद, पूजा बंद, घरच्यांनी घरीच बसायचे. जुन्या वेळेने ते बारा तासांत उरकायचे, म्हणून कोणी कुरकुरले नव्हते.

साडेतीन वाजले होते. जन्मवर्ष बदलले तरी म्हातारा उठेना, कारण मेलेल्याला उठवायची सोय मी केलीच नव्हती. ती लिहायला बसलो. दोनदा चुकलो. कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, मग त्याच तोंडाने देवाला नवस बोललो. पहिल्या वेळी बाबांना देवाने नेले होते; या वेळी मी मारले होते, आणि अर्ध्या तासात दादा त्यांच्याशेजारी बसायला येणार होता.

चारला तो आलाच.

"दादा, चूक म्हजी," मी लिहिले. "अर्दो तास दी, उभो करतां ताका."

मी घाईघाईने ती सोय पुन्हा लिहू लागलो. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मला वाटले, संपले. रोज तो याच वेळी निघून जायचा.

मग हळूहळू अक्षरे आली. "नाका. बाबा गेले तेन्ना दुसऱ्या दिसा सकाळीं हांव ड्युटीर आशिल्लों. एक दिसूय सुतक पाळूंक मेळूंक ना."

मी ती अर्धवट लिहिलेली सोय पुसून टाकली.

"आतां थंय बारा दिस म्हणजे खरेच बारा ना रे?" त्याने विचारले.

"खरेच बारा," मी लिहिले.

"मागीर तूंय थंय घरांत येवन बस बारा दिस," दादाने लिहिले.