वजनदार माणसाचं इंग्रजी

लॉकडाऊनच्या पहिल्या वसंतात नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावात मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका चिनी मुलीला इंग्रजी शिकवत होते. दोघींमध्ये जेमतेम एक छत, तरी भेट पडद्यावरच. तिला बालवाडीतल्या नोकरीसाठी मुलाखत द्यायची होती आणि स्वभाव सांगणारे शब्द हवे होते.

"शांत, लोक ज्याला मान देतात अशा माणसाला आम्ही 'वन्-जोंग' म्हणतो," ती म्हणाली. "स्थिर आणि जड. इंग्रजीत 'हेवी' म्हणू?"

"नको गं, लोक जाडा समजतील!"

मराठीत आपणही भारदस्त म्हणतोच, पण इंग्रजीला हे वजन चालत नाही. मी तिला 'डिग्निफाइड' दिला. मग 'कम्पोज्ड': आतून कितीही हललं तरी बाहेरून सावरलेला. एवढं सांगतेय तोच तिच्या मागून खोकला ऐकू आला. तो थांबेचना.

"नवऱ्याला ताप आहे," ती पुटपुटली.

आदल्याच दिवशी त्याने डम्पलिंगचा डबा माझ्या हातात दिला होता, आणि माझ्या घरात दमेकरी नवरा.

"टीचर, डॉक्टरांना तुम्ही फोन कराल?"

"ते जे विचारतील ते तुलाच दिसतंय. तू बोल. मी इथेच आहे."

तिने फोन लावला. टेबलाची कड धरलेली तिची बोटं पांढरी पडली होती. आवाज मात्र सरळ, इंग्रजी सावकाश. "त्याचं एक वाक्यही पुरं होत नाही. श्वास लागतो." पलीकडून काही विचारलं. तिने तेच पुन्हा, तितक्याच सावकाश सांगितलं.

अँब्युलन्स आली. प्लॅस्टिकच्या झग्यातल्या माणसांनी त्याला नेलं. तिला सोबत जाऊ दिलं नाही. खाली रस्त्यावर ती एकटीच उभी राहिली. मी खिडकी उघडली, पण दार उघडायचा धीर झाला नाही.

पुढचे कित्येक दिवस नवरा नुसता खाकरला तरी मी थर्मामीटर शोधायची. सुदैवाने आम्हाला काही झालं नाही. तिचा नवराही परतला, निम्मा होऊन. लिफ्टपासून दारापर्यंत जाताना तो भिंतीला टेकत होता.

तास पुन्हा सुरू झाले, तेव्हा मी म्हटलं, "त्या दिवशी फोनवर किती शांत होतीस तू!"

"नाही टीचर. मला ओरडायचं होतं. इंग्रजीत कसं ओरडतात ते येत नव्हतं."

आणि इतक्या आठवड्यांनी, माझ्यासमोर, ती रडू लागली.