वेळेवर हप्ते भरणारा चोर

"साहेब, म्या जिंदगीत गाडी चालवली नाई. मले सायकलही येत नाई. मंग हे लोन माह्यं कसं?"

सुनीता वानखडे सिस्टर माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि मी स्क्रीनकडे बघत होतो. मी अमरावतीच्या एका बँकेत होम लोनच्या फायली तपासतो. सिस्टर धारणीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स. मुलीच्या कॉलेजसाठी त्यांनी अमरावतीत फ्लॅट बघितला होता, इसार देऊन झाला होता. पगार पक्का, कागद चोख. गाडी अडली ती क्रेडिट रिपोर्टवर.

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे तुमच्या कर्जांची कुंडली. कोणाकडून घेतलं, हप्ते भरले की चुकवले, हे सगळं एका कंपनीकडे गोळा होतं आणि नवं कर्ज देण्याआधी आम्ही ते उघडून बघतो. सिस्टरच्या कुंडलीत दोन कर्जं होती. एक अकोल्याच्या फायनान्स कंपनीचं, मोटरसायकलचं, हप्ते थकलेलं. दुसरं महिला गटाचं. सिस्टर म्हणत होत्या, दोन्ही माझी नाहीत.

मॅनेजर मॅडमनी उभ्याउभ्याच निकाल दिला. "सरळ फ्रॉड आहे. कोणीतरी यांचे कागद वापरलेत. पोलीस तक्रार आणायला सांगा, तोवर फाईल बाजूला ठेवा."

"सिस्टर, तुमचे कागद कोणाकडे होते?" मी विचारलं.

"बाबाच्या वावराचा फेरफार करायचा होता. आधार अन् पॅनची झेरॉक्स दिली होती, सही करून. प्रकाशपाशी."

प्रकाश म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. अकोल्यात टू-व्हीलरच्या शोरूममध्ये नोकरीला.

"अन् दिवाळीले त्यानं नवी गाडी घेतली," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांना जरा दमानं घ्या म्हणणार, तोवर त्यांनी फोन लावला होता. तोही स्पीकरवर.

"प्रकाश, माह्या नावावर गाडी उचलली का तू?"

"कोण म्हणते?"

"बँकेत बसली आहो मी. साहेबाच्या कॉम्प्युटरात दिसून राहिलं."

"ताई, तुले खरं वाटते हे?"

"मंग कोणी घेतली? कागद तर तुह्यापाशीच होते!"

पलीकडून फोन कट झाला. सिस्टरनी पदरानं डोळे पुसले आणि तक्रार लिहायला माझ्याकडे कागद मागितला. संशयित म्हणून भावाचं नाव टाकणार होत्या. पोलीस शोरूमच्या दारात उभे राहिले असते तर त्याच दिवशी प्रकाशची नोकरी गेली असती, हे त्यांनाही कळत होतं.

माझं मात्र डोकं चालेना. गटाचं कर्ज पूर्ण फिटलेलं होतं, एकही हप्ता न चुकवता. मोटरसायकलचे हप्तेही बरेच दिवस नीट येत होते, मग अडकले. दुसऱ्याच्या नावावर कर्ज उचलणारा चोर हप्ते वेळेवर कशाला भरेल? आणि प्रकाशला महिला गटात घेतलं कोणी? बरं, रिपोर्ट खोटा म्हणावा तर नाव बरोबर, गाव मूर्तिजापूर, म्हणजे सिस्टरचं सासर, आणि जन्मतारीख तंतोतंत. कशावर विश्वास ठेवावा तेच समजेना.

"तक्रार थोडी थांबवा. आधी कर्जाचे कागद मागवू," मी म्हणालो.

"काहून थांबू? फ्लॅटवाला थांबते का?" त्या माझ्यावरच उखडल्या. पण थांबल्या.

आम्ही डिस्प्यूट टाकला. म्हणजे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं की ही नोंद माझी नाही. मग ती कंपनी कर्ज देणाऱ्याला विचारते. याला पैसे लागत नाहीत, फक्त दम लागतो. तो आमच्या कोणाकडेच नव्हता. फ्लॅटवाला दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणून धमकावत होता आणि मॅडम फाईल कधी हलवता म्हणून विचारत होत्या.

शेवटी कागद आले. अर्जावर फोटो भलत्याच बाईचा. पत्ता मूर्तिजापूरचा, पण दुसऱ्या वस्तीतला. पॅनचा रकाना रिकामा. जन्मतारीख एक जून, साल तेच.

"सिस्टर, तुमची जन्मतारीख खरी आहे का?"

"खरी कुठची? गुरुजीनं टाकली. माय म्हणे मी पोळ्याच्या आसपासची. आमच्या वर्गात अर्धे पोरं एक जूनचेच होते."

कोडं सुटलं. शाळेत नाव घालताना वय भरावं म्हणून गुरुजींनी आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीला एक जूनला जन्माला घातलंय. एकाच गावात एकाच नावाच्या दोन बाया, दोघींची तारीख गुरुजींची. पॅन नाही, म्हणून कॉम्प्युटरनं दोघींची कुंडली एक केली. कोणी काहीच चोरलं नव्हतं. दुसऱ्या सुनीताबाई आपलंच कर्ज आपल्या परीनं फेडत होत्या.

मला हसू आलं. सिस्टर हसल्या नाहीत.

दोन्ही नोंदी निघाल्या, लोन मंजूर झालं. सह्या करायला आल्या तेव्हा त्यांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "साहेब, प्रकाशले तुमी सांगा ना. माहा फोन उचलत नाई तो."

हे काही बँकेचं काम नाही. तरी मी लावला. सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, बँकेनं म्हटलं म्हणून मी चोर झालो. आता बँक म्हणते म्हणून साव झालो. यात माह्या बहिणीचं म्हणणं कोणतं, ते तिले विचारून सांगा मले."

फोन स्पीकरवर नव्हता, पण सिस्टरना ऐकू गेलं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, पर्स उचलली आणि अकोल्याची बस धरायला निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात येऊन त्यांनी सह्या केल्या. अकोल्याला काय झालं ते मी विचारलं नाही. वास्तूच्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं. तिथं प्रकाश दिसला नाही.

तर, आपला क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बघत चला. झेरॉक्स देताना कशासाठी दिली ते तिच्यावरच लिहा. आणि अनोळखी कर्ज दिसलं तर आधी डिस्प्यूट टाका, घरच्यांना फोन नंतर करा. डिस्प्यूट मागे घेता येतो.